चाळीस पोती चुना आणि एका म्हशीचे दात

“चाळीस पोती होती. चाळीस. मी स्वतः मोजून गेलतो. गेली कुठं?”

हा जो ओरडतोय तो मी. त्या काळी माझा आवाज असा होता की मी हिंगणीत शिंकलो तर बोर धरणावरचे बगळे उडायचे. त्या रविवारी सकाळी मी कारखान्याच्या चुना-शेडमध्ये उभा राहून ओरडत होतो, आणि शेड रिकामी असल्यामुळे माझा प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकू येत होता. समोर माझा ऑपरेटर गुलाबराव उभा होता. पन्नाशीचा माणूस, गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. अंगावर वीज पडली तरी तो आधी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवेल आणि मग पडेल.

“भाऊ,” तो म्हणाला, “बाहीर या. झाडं पाहा.”

मी बाहेर आलो. झाडं पाहिली.

गेटपासून ऑफिसपर्यंत कडुलिंबाच्या दोन रांगा होत्या. सगळी झाडं छातीपर्यंत पांढरीशुभ्र, वर गेरूचा पट्टा. झाडांखालचे दगड पांढरे. कुंपणाची भिंत पांढरी. सायकल स्टँडचे खांब, झेंड्याचा ओटा, पाण्याच्या टाकीचे पाय, सगळं पांढरं. चौकीदाराचं कुत्रं नेहमीच्या जागी झोपलं होतं, त्याची अर्धी शेपूटही पांढरी. ते भिंतीला घासून झोपलं असेल किंवा रंगवणाऱ्यांनी उत्साहात तिलाही एक हात दिला असेल.

“ठेकेदाराचे मानसं आलते,” गुलाबराव म्हणाला. “तुमी आष्टीले गेलते ना, ते दोन दिवस लावूनच राह्यले होते. म्या म्हटलं, बापा, हा चुना पाण्याचा हाये. ते म्हणे, पाण्याले कोणी चुना लावते का?”

आता थोडं थांबून धंदा समजावून सांगतो, कारण पाण्याला चुना लावणारा माणूस तुम्हीही पाहिला नसेल. (या वाक्यावर तुमच्या मनात जो विनोद आला, तो लोक माझ्यावर वीस-बावीस वर्षं करत आले आहेत. गिळून टाका.)

आमचा कारखाना स्टेनलेस स्टीलचा. नाव सांगत नाही, नावात काही गंमत नव्हती. भट्टीतून नळ्या निघायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर काळी खपली असायची. ती काढायला नळ्यांना आम्लाची आंघोळ घालतात. एक नायट्रिक आणि एक हायड्रोफ्लोरिक. हे दुसरं काच खातं. हाडं खातं. आमच्या जुन्या सुपरवायझरची बिनकामाची बढाईसुद्धा त्यानं खाल्ली होती, एकदा हातावर थेंब उडाल्यावर. आंघोळीनंतर नळ्या साध्या पाण्यानं धुतात, आणि त्या धुवणाबरोबर फ्लोराइड बाहेर येतं. ते पाणी दिसायला इतकं नितळ की ग्लासात भरून पाहुण्यासमोर ठेवावं. माझ्या उभ्या नोकरीत मी शिकलेली मोठी गोष्ट हीच: गढूळ पाणी स्वतःहून कबुली देतं, नितळ पाणी साळसूदपणे खोटं बोलतं. फ्लोराइड चिमूटभर असेल तर दाताला बरं. जास्त झालं की दात तपकिरी होतात, झिजतात, आणि मग हाडं धरतं. माणसाची आणि जनावराचीही.

त्याला एकच औषध, चुना. चुन्यातलं कॅल्शियम पाण्यातल्या फ्लोराइडला धरतं. एक कॅल्शियम दोन फ्लोराइडना घेऊन संसार थाटतं आणि तिघंही मुकाट्यानं तळाशी जाऊन बसतात. दोन बायकांचा दादला इतका शांत बसलेला मी फक्त रसायनशास्त्रात पाहिला. तळाशी बसलेला तो पांढरा गाळ काढायचा, दाबून त्याच्या पोळ्या करायच्या, त्या सरकारी नियमानं विल्हेवाटीला पाठवायच्या, आणि वरचं पाणी तपासून नाल्यात सोडायचं. कायदा म्हणतो, नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. म्हणजे हजार लिटरमध्ये दोन ग्रॅम. सुपारीचं खांड यापेक्षा जड असतं. आमच्या टाकीत पाणी यायचं तेव्हा याच्या शेकडो पट असायचं, आणि ते तिथून दोनावर आणून ठेवायचं, रोज, सणवार न पाहता. मी थोडं वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे, आणि तो खरा आहे. पण फ्लोराइडचा आकडा मी कधी वाढवला नाही. तो वाढवून कुणाचं भलं होणार?

चुन्याचं म्हणाल तर ते आमच्या रक्तातच. आष्टीच्या बाजारात वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि दिवाळीआधी ते चुना-गेरूचा ढीग मांडून बसायचे. कळीच्या चुन्याचा खडा घ्यायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि कान लावायचा. चांगला चुना फुटताना बोलतो, जास्त भाजलेला नुसता सुस्कारा टाकतो. मी कान लावून चुना घेतो हे पाहून कारखान्यातले इंजिनियर हसायचे. नंतर प्रयोगशाळेचा रिपोर्ट माझ्या कानाशी जुळायला लागला, तेव्हा हसणं बंद झालं. वडील मात्र शेवटपर्यंत म्हणाले, “आमी जल्मभर चुना इकून घर चालवलं, अन् पोट्टा बी.एस्सी. होऊन चुना पाण्यात टाकून राह्यला.”

तर असा मी, रविवारची सकाळ, आणि शेड रिकामी. नेमकं काय पणाला लागलं होतं ते सांगायला एका बाईची आणि तिच्या म्हशीची ओळख करून द्यावी लागेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीला लागलो तेव्हा कारखान्यात पाणी शुद्ध करायची रीत म्हणजे त्यात कॉस्टिक सोडा ओतायचा. कॉस्टिकनं आम्लाचा राग शांत होतो. फ्लोराइड तसंच राहतं. पण लिटमसचा कागद समाधानी, म्हणून साहेब समाधानी, आणि पाणी नाल्यात. नाला पुढे अर्ध्या कोसावरच्या गावातल्या डोहात जायचा. एके दिवशी गेटवर आरडाओरडा. पाहतो तर एक नऊवारीतली, काटकीसारखी बाई आणि तिच्यामागे पहाडासारखी म्हैस. पंचफुलाबाई. गावात चार म्हशींचं दूध घालायची. तिनं विचारलं, “पाण्याचा साहेब कोन हाये?” चौकीदारानं, स्वतःची कातडी वाचवायला, मला पुढे केलं.

बाईनं एका हातानं म्हशीचा ओठ वर केला. “पाह्य.”

मी पाहिलं. दात तपकिरी, अर्धे झिजलेले, खालच्या जबड्यात पायऱ्या पडल्यासारखे. म्हैस पुढचा पायही लंगडत टाकत होती.

“चारा चावता येत नाई तिले,” बाई म्हणाली. “डोहाचं पाणी पेते. तूच सोडतं ना ते?”

मी नोकरीत नवा होतो, तीन आठवड्यांचा. मी सोडत नव्हतो, सगळे सोडत होते. पण बाईनं म्हशीचा ओठ सोडला नव्हता, आणि ती म्हैस माझ्याकडे अशी पाहत होती की मला शाळेतल्या हेडमास्तरीणबाई आठवल्या. मी म्हणालो, “माय, आतापासून मी हाये तोवर न धुतलेलं पाणी एक थेंब जाणार नाई.”

बोलून बसलो. मग ते खरं करायला मला दोन वर्षं लागली. चुन्याची टाकी, ढवळायचा पंखा, गाळ बसायची टाकी, गाळ दाबायचं यंत्र. प्रत्येक गोष्टीसाठी साहेब लोकांशी भांडलो. एक साहेब म्हणाला, चुन्यानं पाणी पांढरं दिसेल, लोक नाव ठेवतील. मी म्हणालो, लोकांचं सोडा, म्हशी नाव ठेवताहेत. शेवटी प्लांट उभा राहिला आणि चालला. तेव्हापासून दरवर्षी पोळा झाला की पंचफुलाबाई एक म्हैस घेऊन गेटवर यायची, तिचा ओठ वर करायची, आणि मी दात पाहायचो. नागपूरची प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निरीक्षक, सगळे यायचे, पण माझी खरी तपासणी ती. तिनं कधी “बरं आहे” म्हटलं नाही. म्हैस वळवायची आणि जायची. नवीन म्हशींचे दात पांढरे येत होते. मला तेवढं पुरेसं होतं. साडेतीन वर्षांत न धुतलेला एक थेंब गेला नव्हता.

आणि आता चुना झाडांवर होता.

मी सबनीस साहेबांकडे गेलो. आमचे वर्क्स मॅनेजर, पुण्याकडचे, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांचा एकच दोष, त्यांना सगळं चकचकीत लागायचं. सोमवारी मंडळाचे निरीक्षक येणार होते, आणि त्यांच्या स्वागतासाठी साहेबांनी कारखाना नवरीसारखा सजवला होता.

“चुना होता ना आपल्याकडे,” साहेब म्हणाले. “दिवाळीही आली आहे. मला वाटलं, तुम्ही त्यासाठीच आणून ठेवलात.”

दिवाळीच्या आठ दिवस आधी चुन्याची चाळीस पोती पाहून दुसरं काही मनात यावं असा माणूस आमच्या अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. तरी चाळीस पोत्यांत आमचा कारखानाच काय, अर्धं वर्धा पांढरं झालं असतं. थोडा लावला, बराच सांडला, काही उघड्यावर भिजून गेला, आणि काही पोती ठेकेदाराच्या घरच्या भिंतींवर गेली असावीत. ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून बोलत नाही.

“साहेब, टाकी काठाला आली आहे,” मी म्हणालो. “संध्याकाळपर्यंत भरेल. माझा चुन्याचा ट्रक मंगळवारी. तोवर नळ्या धुणं बंद करा.”

“बंद? माल परवा बंदरावर पोचला पाहिजे. कॉस्टिक टाका ना. पीएच तर येईल.”

“पीएच येईल. फ्लोराइड तिथंच राहील.”

“मग थोडं सोडून द्या. स्वच्छच दिसतंय पाणी.”

मी आयुष्यात साहेबांसमोर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशीही नाही. टेबलावरचा ग्लास आपोआप पडला. मी म्हणालो, “साहेब, वाल्वची किल्ली माझ्या खिशात आहे, आणि खिसा माझ्या पँटला आहे. पँट काढून घ्यायची असेल तर तसं लेखी द्या.” साहेबांनी लेखी दिलं नाही. एवढा शहाणपणा त्यांच्याकडे होता.

पण टाकी भरून काठावरून वाहू लागली तर ती किल्ली विचारत नाही. तिचा उतार नाल्याकडेच होता.

मी स्कूटरला किक मारून वर्ध्याचा सगळा बाजार पालथा घातला. दिवाळीआधीचा बाजार तो. चुन्याची दुकानं रिकामी, होतं ते रंग मिसळलेलं डब्यातलं. एका दुकानात अर्धं पोतं मिळालं, ते उघडून मी कान लावला तर तो चुना मागच्या वर्षीच मेलेला. एका पानवाल्यानं मला तंबाखूच्या चुन्याच्या चार डब्या फुकट देऊ केल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच दिल्या असतील. दुपारी परत आलो तेव्हा टाकीतलं पाणी काठापासून हातभरच खाली होतं.

गुलाबराव टाकीच्या काठावर बसून पाण्याकडे पाहत होता. म्हणाला, “भाऊ, आपल्याले किती लागते?”

“ही टाकी धुवाले सहा पोती. एवढी टाकी मोकळी झाली की मंगळवारपर्यंतची जागा भेटते.”

त्यानं खर्रा सरकवला. “माह्या घरी हाये. पिंपात. दिवाळीचा.”

“एका पिंपानं काय होते?” मी म्हणालो.

“माह्याच नाई,” तो म्हणाला. “साऱ्या गावात. आठ दिवस भिजू द्या लागते ना चुना, नाईतं भितीवर पापडी धरते. घरोघरी पिंप हाये अंगणात.”

आष्टीच्या बाजारात ज्याचा बाप चुना विकायचा त्या माणसाला हे सुचू नये, याची मला आजही लाज वाटते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपल्याकडे घरागणिक अंगणात चुन्याचं पिंप असतं. भिजवलेला, मुरलेला, लोण्यासारखा चुना. माझ्या पंख्यानं दोन तासांत केलेल्या चुन्यापेक्षा सरस.

कारखान्याचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत रिकामे ड्रम, मी आणि गुलाबराव, असे गावात पोचलो. चौकात पाराजवळ लोक जमले. मी आधी सभ्यपणे मागितला. कुणी हललं नाही. एक जण म्हणाला, “कारखान्यावाल्याले दिवाळीले चुना लागते का? तुमचे तं झाडंबी पांढरे दिसून राह्यले रोडावरून.” हशा झाला. मी समजावून सांगू लागलो, टाकी, फ्लोराइड, काठ. तेवढ्यात गर्दीतून पंचफुलाबाई पुढे आली.

“काय गा चुनेवाल्या,” ती म्हणाली. “झाडाले लावाले चुना हाये, पाण्याले नाई?”

मी एक पाऊल पुढे झालो.

“साहेबाची चूक झाली, माय.”

“अन् आमी नाई देल्ला तं?”

“टाकी भरन. भरली का वाह्यन. वाह्यली का नाल्यात.”

“मले धमकी देऊन राह्यला?”

“नाई माय. मी वाल्व उघडत नाई. किल्ली हे पाहा. पण टाकी भरली तं ते मले इचारत नाई.” मग मला राहवलं नाही, आणि मी माझ्या स्वभावावर गेलो. “मंगळवारी माहा ट्रक येते. बुधवारी एका पिंपाचे दोन पिंपं, घरोघरी, कळीचा चुना, मी सोता आणून देतो. नाईतं माहं नाव घेऊ नका.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हशीकडे पाहायची तसं. मग वळून घरी गेली. मला वाटलं, संपलं. तर ती आणि तिची सून एक पिंप मधोमध काठी घालून उचलत घेऊन आल्या, आणि ट्रॉलीजवळ ठेवलं.

“हे मोठं हाये,” ती म्हणाली. “याच्यात घर अन् गोठा दोनी होते. घेऊन जा. अन् मीबी येतो पाह्याले.”

पंचफुलाबाईनं पिंप दिल्यावर बाकीच्या घरांत चुना ठेवण्याची कुणाची छाती होती? तासाभरात ट्रॉली भरली. मी आजवर कुठे सव्वाशे तर कुठे दोनशे पिंपं सांगितली असतील. खरी एकोणपन्नास होती, आणि देवळाच्या ओसरीवरचं एक, पन्नास. ट्रॉलीवर चुन्याच्या पिंपांमध्ये पंचफुलाबाई पाय दुमडून बसली होती, वरातीतल्या वरमाईसारखी.

आता एक अडचण निघाली, जी जगातल्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. आपल्याकडे चुन्यात नीळ घालतात, भिंत जास्त पांढरी दिसावी म्हणून. निम्म्या घरांनी ती आधीच घातली होती. गुलाबरावनं एकेक पिंप टाकीत रितं केलं, मी पंखा चालू केला, आणि बघता बघता माझी टाकी आकाशासारखी निळी झाली. सबनीस साहेब धावत आले आणि काठावर थबकले. गुलाबराव त्यांना समजावत म्हणाला, “काई नाई साहेब. पाणी दिवाळी करून राह्यलं.”

मी हात जोडून त्या निळ्या टाकीकडे पाहत उभा होतो. पंखा बंद केला. गाळ खाली बसू लागला, आणि ती नीळही त्याच्याबरोबर बसली. तासाभरानं वरचं पाणी नितळ. पण नितळ पाण्यावर माझा विश्वास नाही हे मी आधीच सांगितलंय. प्रयोगशाळेत एक लाल औषध असतं. त्यात पाणी घातलं की फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग फिका पडतो. लाल टिकला तर अब्रू टिकली. मी नळी उजेडात धरली. मागे पंचफुलाबाई खुर्चीवर नव्हे, जमिनीवर बसलेली. लाल फिका पडला. पूर्ण नाही, पण पडला.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“अजून हाये थोडं.”

हे व्हायचंच असतं. चुना फ्लोराइडला बराच खाली आणतो, पण अगदी शेवटचं थोडं फ्लोराइड पाण्यात रेंगाळतं, लग्नाच्या मांडवात जेवण संपल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. त्याला उठवायला तुरटी लागते. तुरटी नशिबानं स्टोअरमध्ये होती, तिला कुणी झाडांना लावत नाही. मी तुरटी विरघळवून घालायला सांगितली. पंचफुलाबाई म्हणाली, “तुरटी तं आमी रांजनात फिरवतो.”

“तेच माय. तेच.”

“मंग एवढं शिकलास कायले?”

परत थांबलो. परत नमुना. परत नळी. मी ती पुन्हा उजेडात धरली. रंग लाल राहिला. कुंकवासारखा लाल. मी वहीत आकडा लिहिला: एक पॉइंट सात. दोनाच्या आत. मग खिशातली किल्ली काढून वाल्व उघडला, आणि धुतलेलं पाणी नाल्यात गेलं. पंचफुलाबाई नाल्याच्या काठापर्यंत पाण्याबरोबर चालत गेली. वाकून ओंजळीत घेतलं, पाहिलं, सोडून दिलं. मग घरी गेली.

सोमवारी निरीक्षक आले. नमुना घेतला, पुढे त्याचाही आकडा दोनाच्या आत आला. पण जाताना ते सबनीस साहेबांना जे म्हणाले ते मी कानांनी ऐकलं: “तुमची झाडं फार छान ठेवली आहेत.” साहेब लाजले. त्या वर्षी स्वच्छतेची ढाल आमच्या कारखान्याला मिळाली आणि साहेबांच्या खोलीत लागली. माझ्या गाळाच्या पोळ्या मात्र महिनाभर निळसर निघत राहिल्या.

मंगळवारी माझा ट्रक आला. सगळा चुना सरळ टाकीत गेला, कारण पुढचं पाणी उभंच होतं. बुधवारही त्यातच गेला. आणि मी? मी त्या दिवसापासून कारखान्यात, कँटीनमध्ये, पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत, सासुरवाडीला, नागपूरच्या एका सभेतसुद्धा ही गोष्ट सांगत सुटलो. सांगताना दर वेळी पिंपं वाढत गेली, टाकी निळी होत गेली, निरीक्षक दोनाचे चार झाले. पुढे दुसऱ्या कारखान्यांतले लोक माझ्याकडे चुन्याचा कान शिकायला आले. अशी वर्षं गेली. नळ्या धुतल्या, पाणी धुतलं, आणि निवृत्तीपर्यंत न धुतलेला एक थेंब नाल्यात गेला नाही. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

दोन हजार दहानंतर काही वर्षांनी मी निवृत्त झालो. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन गावात गेलो, पंचफुलाबाईकडे. ती खूप थकली होती, खाटेवर बसून होती, पण गोठ्यात म्हैस होती. आधी म्हशीकडे गेलो, सवयीनं. ओठ वर केला. दात पांढरे, सरळ, एकही पायरी नाही. छाती अशी फुगली की शर्टाचं बटन गेलं. मग तिच्या खाटेशी बसलो, सून आणि शेजारचे चार जण जमले, आणि मी गोष्ट सुरू केली. पार्श्वभूमीसह. आकाशासारखी टाकी, वरमाई, लाल नळी, सगळं. अर्धा तास तरी चाललं असेल. शेजारचे डोळे विस्फारून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, “माय, त्या दिवशी तुह्या गावानं अन् म्या मिळून नाला वाचवला. म्हशीचे दात पाह्य.”

पंचफुलाबाईनं पेढा तोंडात टाकला, हळूहळू चावला, गिळला. मग समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, “म्हशीचे दात पांढरे झाले. घर काळंच राह्यलं त्या दिवाळीले.”